घरच्या तळ्यातले मासे बगळा, खंड्या, मांजर, घूस यांच्यापासून कसे वाचवायचे: मुंबईत नवीन पाँड करणाऱ्यांसाठी

बाल्कनीतला टब असो, सोसायटीच्या गार्डनमधला सिमेंटचा हौद असो नाहीतर गावठाणातल्या घराच्या अंगणात खणलेलं छोटं तळं, मासे सोडल्यावर थोडे दिवस सगळं मस्त चालतं आणि मग एके सकाळी मोजायला जावं तर दोन कमी. दुसऱ्या दिवशी अजून एक. मग कोणी म्हणतं वॉचमनने लक्ष नाही दिलं, कोणी म्हणतं मुलांनी पकडले, कोणी मांजरावर खापर फोडतं, आणि तोपर्यंत तळं अर्धं रिकामं झालेलं असतं.

आमच्या बोरिवलीतल्या सोसायटीचा पाँड मी बरीच वर्षं सांभाळतेय. एका बाजूला नॅशनल पार्क, दुसऱ्या बाजूला गोराईची खाडी आणि तिवरं, त्यामुळे मासे खाणारं जे जे काही मुंबईत आहे ते सगळं आमच्याकडे येऊन गेलंय. त्यातून जे समजलं ते इथे क्रमाने लिहितेय, कारण नवीन लोक पहिल्यांदा पळवून लावायच्या वस्तूंवर पैसे घालवतात आणि खरी गोष्ट, म्हणजे तळ्याचा काठ आणि खोली, ती मात्र तशीच राहते. बगळ्याचा काही दोष नाही हो, तो मासेच खाणार. उथळ काठ, नितळ पाणी आणि त्यात केशरी मासे, असं ताट आपणच वाढून ठेवतो. ते ताट उचलायचं, एवढंच करायचंय. बगळ्याला इजा न करता.

१. आधी नेमकं कोण नेतंय ते शोधा

ही पायरी टाळू नका प्लीज. बगळ्यासाठी केलेला उपाय घुशीला चालत नाही आणि मांजरासाठी केलेला खंड्याला चालत नाही.

सगळ्यात सोपं म्हणजे जुना मोबाईल किंवा साधा वायफाय कॅमेरा, रात्री दिसणारा, पाण्याकडे तोंड करून चार-पाच दिवस लावून ठेवा. कॅमेरा नसेल तर खुणा बघा.

मासे दिवसाउजेडी एकेक करून गायब होतायत, काठावर काही सांडलेलं नाही, झाडं जागच्या जागी आहेत, फक्त काठाच्या दगडावर चुन्यासारखे पांढरे फटकारे दिसतात, तर तो बगळा. मुंबईत हा बहुतेक वेळा वंचक असतो, ज्याला काही जण ढोकरी म्हणतात. बसला की मातकट, इतका की शेजारून गेलात तरी दिसणार नाही, आणि उडाला की एकदम पांढराशुभ्र. तो कुठेही धावत नाही, काठावर मान आखडून उभा राहतो आणि मासा जवळ यायची वाट बघतो. पावसाळ्याच्या सुमाराला याची वीण असते, पाठ गडद तांबडी-तपकिरी होते, घरट्यात पिल्लं असतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर त्याच्या फेऱ्या वाढतात. या महिन्यांत जास्त सावध राहा.

संध्याकाळी अंधार पडताना डोक्यावरून ‘क्वाक’ असा एकच आवाज येतो आणि सकाळी मासे कमी असतात, तर रातबगळा. हा वंचकापेक्षा दणकट, काळी टोपी, लाल डोळे, आणि मासाही जरा मोठा उचलतो. दिव्याच्या उजेडात पाण्यावर येणारे किडे आणि मासे त्याला सोपे पडतात, म्हणून पाँडवर रात्रभर फोकस लावून ठेवायची जी फॅशन आहे ती बंद करा. फोटो छान येतात पण मासे जातात.

गप्पी, मॉली, छोटे गोल्डफिश असे बोटाएवढे मासे जात असतील आणि जवळ एखादी वायर, रेलिंग किंवा वाकलेली फांदी असेल तर वर बघा. तपकिरी डोकं, निळी पाठ, पांढरा गळा आणि लाल जाड चोच म्हणजे आपला खंड्या. तो वरून सूर मारतो, काठाशी त्याला काही घेणं नाही. त्यामुळे वंचकासाठी काठ कितीही उंच केला तरी खंड्या येतच राहतो, याच्यावर फक्त जाळी चालते.

काठावर खवले, अर्धा खाल्लेला मासा, आडवी पडलेली कुंडी, चिखलात पावलं: हे मांजर, मुंगूस किंवा घूस.

गायबगळ्यावर मात्र संशय घेऊ नका. तो पिवळ्या चोचीचा पांढरा, गवतात किडे वेचत फिरणारा. त्याला तुमच्या माशांपेक्षा लॉनमधले नाकतोडे जास्त आवडतात.

आणि एक फार महत्त्वाचं. पहाटे पाचला अख्खा मासा, कुठेही जखम नाही, तरंगताना दिसला तर तो शिकार नाही, तो पाण्याचा प्रॉब्लेम आहे. एप्रिल-मेच्या उकाड्यात पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, त्यात मासे जास्त आणि झाडं दाट असली तर सूर्य उगवायच्या आधी तो अगदी तळाला जातो, कारण रात्री झाडंसुद्धा ऑक्सिजन घेतात. मग सहा वाजता कावळा येऊन मेलेला मासा उचलतो आणि सात वाजता फिरायला आलेले काका सांगतात की कावळे मासे खातायत. अशा वेळी जाळी लावून काही होणार नाही, एअर पंप लावा, मासे कमी करा, नळाचं पाणी भरताना अँटी-क्लोरीन घाला.

२. सामान आणि कागद

कागद आधी, कारण मुंबईत काम अर्धं झाल्यावर कमिटी जागी होते.

- सोसायटीची जागा असेल तर कमिटीचं लेखी ना हरकत पत्र, त्यात जाळी आणि फ्रेमचाही उल्लेख हवा. नाहीतर नंतर ‘दिसायला वाईट दिसतं’ म्हणून काढायला लावतात.
- गच्चीवर किंवा पोडियमवर पाँड असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र. एक घनमीटर पाणी म्हणजे १००० किलो. अडीच मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि पाऊण मीटर खोल हौदात साधारण २८०० लिटर पाणी बसतं, म्हणजे २८०० किलो, आणि यात दगड-सिमेंट धरलेलंच नाही. खोली वाढवा असं मी खाली सांगणार आहे, पण ते जमिनीवरच्या तळ्यासाठी. गच्चीवर इंजिनिअरला विचारल्याशिवाय एक इंचही वाढवू नका.
- भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी, मेसेजवर का होईना, पण लेखी.

सामान असं:

- प्लॅस्टिक कोटिंगची वेल्डमेश (तारा वेल्ड करून केलेली कडक) जाळी, एक इंच चौकोनाची
- फ्रेमसाठी ॲल्युमिनियमचा सेक्शन किंवा पीव्हीसी पाईप
- केबल टाय, बिजागऱ्या, कडी
- सहा इंची पीव्हीसी पाईपचे तुकडे, जुनी मंगलोरी कौलं, कडप्प्याचे उरलेले तुकडे
- तीन इंची ओव्हरफ्लो पाईप आणि त्याच्या तोंडाला जाळी
- झाकण असलेला १०० लिटरचा टब, छोटा एअर पंप, आयोडीन नसलेलं जाडं मीठ
- रबरी हातमोजे आणि गमबूट

जाळी आणि हार्डवेअरला मशीद बंदरची नागदेवी स्ट्रीट, मासे-पंप-औषधांना कुर्ल्याचा माशांचा बाजार किंवा क्रॉफर्ड मार्केट. फ्रेम मात्र जवळच्या फॅब्रिकेटरकडूनच करून घ्या, कारण माप चुकलं की परत परत फेऱ्या होतात आणि टेम्पोचं भाडं फ्रेमपेक्षा जास्त जातं.

३. काठ आणि खोली: खरं काम इथे आहे

वंचकाला उभं राहायला जागा लागते. एवढं एक वाक्य डोक्यात ठेवलं तरी तळ्याकडे बघायची नजर बदलते. त्याचे पाय लांब नाहीत, त्यामुळे तो एकतर काठावर उभा राहून वाकतो किंवा पायाखाली काहीतरी घेऊन पाण्यात उभा राहतो. ते ‘काहीतरी’ आपणच देतो. गार्डनवाले पाँड बांधताना हमखास एका बाजूला हळूहळू उतरत जाणारी गोट्यांची पायरी करतात, बीचसारखी, आणि ती नेमकी त्याच्या घोट्याएवढ्या पाण्याची असते. नवीन बांधत असाल तर ही पायरी करूच नका. भिंत सरळ खाली जाऊ दे, निदान दोन फूट, जमलं तर अडीच-तीन. बांधलेलं असेल तर त्या उथळ भागात मोठे, वेडेवाकडे दगड रचा, म्हणजे मासे तिथे येणार नाहीत आणि त्याला पाय रोवायला सपाट जागाही मिळणार नाही.

कमळाच्या आणि लिलीच्या कुंड्या विटांवर उचलून ठेवतात ना, त्याही बघा. कुंडीचं तोंड पाण्याखाली दोन इंचांवर असेल तर तो बगळ्याचा स्टूल झाला. कुंडी खाली सरकवा. जलपर्णी आणि गोंडाळ दाट झाली की त्याच्यावरही तो आरामात उभा राहतो, म्हणून ती काढत राहा, अर्ध्यापेक्षा जास्त पाणी झाकू देऊ नका. आणि काढलेली जलपर्णी नाल्यात किंवा तलावात फेकू नका, ती तिथे काय करते ते पवईला जाऊन बघून या, वाळवून खतात घाला.

पाण्याची पातळी काठापासून आठ-दहा इंच खाली ठेवा. भरलेला हौद दिसायला सुंदर दिसतो हे मान्य, पण काठोकाठ पाणी म्हणजे मांजराचा पंजा थेट पाण्यात. पातळी खाली असली की मांजर वाकून पोचत नाही आणि वंचकालाही तिथून चोच मारणं अवघड जातं. काठावर कडप्पा किंवा शहाबादी फरशी लावत असाल तर ती आत पाण्यावर चार-सहा इंच पुढे येऊ द्या. माशांना सावली मिळते, लपता येतं आणि खालून काठावर चढणारी घूस अडकते. गवंड्याला हे आधीच सांगून ठेवा, ते सवयीने भिंतीबरोबर कट करतात.

सिमेंटचं नवीन काम केलंत तर मासे लगेच सोडू नका. ताज्या सिमेंटचं पाणी फार अल्कली असतं, माशांचे कल्ले जळतात. दोन-तीन आठवडे पाणी भरायचं, काढायचं, परत भरायचं, मग पीएच तपासून मासे सोडायचे.

लहान मुलं खेळतात अशा सोसायटीत दोन-अडीच फूट पाणी धोक्याचं आहे, तिथे पुढची जाळी ऑप्शनल समजू नका.

४. लपायला जागा द्या

जाळी असो नसो, तळाशी गुहा पाहिजेच. सहा इंची पाईपचे दीड-दोन फुटांचे तुकडे, दोन्ही तोंडं उघडी, तळाशी आडवे ठेवा. कौलं एकमेकांना टेकवून तंबू करा. कडप्प्याचा मोठा तुकडा चार दगडांवर ठेवला की झकास छप्पर तयार होतं. धारदार कडा घासून घ्या, घाबरलेला कोई (शोभेचा मोठा रंगीत मासा) जोरात घुसतो आणि अंग खरचटून घेतो.

हे सगळं खोल भागात, मध्ये. काठाला लागून ठेवलेली गुहा बगळ्याच्या बरोबर चोचीखाली येते.

माशांच्या वागण्यावरही लक्ष ठेवा. रोज पावलांचा आवाज ऐकून वर येणारे मासे अचानक तळाशी दडून बसले, खायला येईनात, तर कोणीतरी येऊन गेलंय, मासा कमी झालेला नसला तरी.

५. जाळी: लावायची कशी आणि कुठली नाही लावायची

मुंबईत जाळी म्हटलं की सगळे कबुतराच्या जाळीवाल्याला फोन करतात. तो येतो, खिडकीला लावतात तीच नायलॉनची जाळी पाण्यावर ताणतो, पैसे घेतो, जातो. तीन अडचणी. त्याची भोकं मोठी असतात, वंचकाची मान आरामात आत जाते. पाऊस आणि पाला पडून ती झोळीसारखी लोंबते, मग बगळा त्या झोळीवरच उभा राहतो आणि खालचा मासा टिपतो. आणि सगळ्यात वाईट, सैल नायलॉनमध्ये प्राणी अडकतात. साप भोकातून शिरतो, मधेच जाड असल्यामुळे पुढेही जात नाही मागेही येत नाही, दोरा अंगात रुततो. पक्ष्यांचे पाय अडकतात. सकाळी हे बघायची वेळ कोणावर येऊ नये.

म्हणून कडक जाळी. ॲल्युमिनियमच्या हलक्या फ्रेममध्ये एक इंची कोटिंगवाली वेल्डमेश, दोन बाय चार फुटांचे तुकडे, म्हणजे एका माणसाला उचलता येतात. एका तुकड्याला बिजागरी लावा, खाणं घालायला आणि पाला काढायला तेवढंच उघडायचं. अख्खी एक मोठी फ्रेम केलीत तर ती उचलायला चार माणसं लागतील आणि मग साफसफाई होणारच नाही, हे लिहून ठेवा.

जाळी पाण्यापासून साधारण एक फूट वर पाहिजे. पाण्याला टेकलेली जाळी निरुपयोगी, वरून चोच मारली की मासा मिळतो. पाणी काठाच्या आठ-दहा इंच खाली असेल आणि फ्रेम काठावर दोन-तीन इंचांच्या पायांवर असेल तर हे अंतर आपोआप मिळतं.

जस्ताचा मुलामा असलेली साधी जीआय जाळी पाण्यात बुडवू नका, जस्त पाण्यात उतरतं आणि माशांना ते विष आहे. वर, हवेत, चालते. पण खाऱ्या हवेत ती एक-दोन पावसाळ्यांत गंजते, म्हणून कोटिंगवालीच घ्या. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी तर स्क्रूसुद्धा चांगले स्टीलचे वापरा.

बाल्कनीतल्या टबाला एवढं काही नको, टबाच्या तोंडाच्या मापाची फ्रेम आणि वर एक वीट.

नायलॉनच घ्यायचं असेल, बजेट नसेल, तर जाड धाग्याची, पांढरी किंवा फिकट रंगाची, बोट आत जाणार नाही एवढ्या बारीक भोकाची घ्या आणि ड्रमसारखी घट्ट ताणा, दर आठवड्याला ताण तपासा. काळी बारीक जाळी पक्ष्यांना दिसत नाही.

काठाभोवती पारदर्शक फिशिंग लाईन ताणायचा सल्ला बरेच लोक देतात, बगळ्याच्या पायाला लागते आणि तो मागे फिरतो म्हणून. मला हा उपाय पटत नाही. दर संक्रांतीला मांज्याने कापलेले पक्षी आपण बघतो, त्याच जातीचा दोरा वर्षभर आपल्याच बागेत कशाला बांधायचा? दोरी लावायचीच असेल तर जाड, रंगीत सुतळी लावा, सहा इंच आणि एक फूट अशा दोन उंचींवर, खुंट्यांना घट्ट. चालत येणारा वंचक अडतो, इजा होत नाही. उडत थेट आत उतरणाऱ्याला मात्र हे अडवत नाही.

६. मांजर, मुंगूस आणि घूस

पातळी खाली आणि कडक जाळी असली की मांजराचा प्रश्न जवळजवळ मिटतो. जाळीच्या फ्रेमला कडी लावा, बोके हलकी फ्रेम डोक्याने उचलतात. सोसायटीतल्या मांजरांना कोणी खायला घालत असेल तर त्यांच्याशी भांडू नका, खायची जागा पाँडपासून लांब हलवायची विनंती करा आणि मांजरांची नसबंदी करून घ्या, संख्या आटोक्यात राहते.

घूस वेगळं प्रकरण आहे. ती नायलॉन कुरतडते, लायनर म्हणजे तळ्याला आतून घातलेलं प्लॅस्टिकही कुरतडते, आणि भिंतीशेजारी बीळ करून तळं गळायला लावते. तिला माशांपेक्षा आधी तुमचं सांडलेलं खाणं खुणावतं. पाव, चपाती, शिळा भात पाण्यात टाकणं आजपासून बंद, बोर्ड लावा. पाण्यात ते कुजतं, काठावरचं उरलेलं घुशी आणि कावळे बोलावतं. माशांचं खाणं दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच, एकाच ठिकाणी, जाळीखाली, उजेड असताना. अंधार पडल्यावर नको.

घुशी असलेल्या ठिकाणी पाण्यात हात घालताना हातमोजे आणि गमबूट हवेतच, विशेषतः पावसाळ्यात आणि पायाला कुठे खरचटलं असेल तर. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा जंतू, उंदीर-घुशींच्या लघवीतून पाण्यात येतो, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको.

विषाच्या गोळ्या आणि चिकट पुठ्ठे पाँडजवळ अजिबात नाही. विष पाण्यात जातं, मेलेला उंदीर घार किंवा मांजर खातं, आणि चिकट पुठ्ठ्यावर साप, सरडे, चिमण्या अडकतात.

मुंगूस, बगळे, खंड्या, घार, साप या सगळ्यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षण आहे. पकडणं, मारणं, गलोल मारणं, घरटं पाडणं हा गुन्हा आहे. मांजराला मारलं तर १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. कमिटीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी ‘एकदाच बंदोबस्त करून टाकू’ म्हणणारच, त्यांना हे तिथेच सांगा.

७. साप दिसला तर

तळ्यात येणारा साप बहुधा दिवड असतो, काही जण विरोळा म्हणतात. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे ठिपके, पाण्यावर नुसतं डोकं. बिनविषारी, पण डिवचला तर कडकडून चावतो. बेडूक आणि मासे हेच त्याचं खाणं. तरी घाबरलेल्या अवस्थेत साप ओळखायच्या भानगडीत पडू नका, लांब उभे राहा, मुलांना आत पाठवा, साप कुठे जातोय त्यावर नजर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाईनला किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन करा. बादली, काठी, फिनाईल काही नको. फिनाईलने साप पळत नाही, मासे मात्र मरतात.

पाँडभोवती वीट-दगडांचे ढीग, नारळाच्या झावळ्या, जुन्या कुंड्या साठवू नका. तिथे उंदीर येतात, उंदरांमागे साप.

८. पिल्लं आणि छोटे मासे

अंगठ्याएवढे कोई स्वस्त मिळतात म्हणून नवीन लोक तेच आणून थेट पाँडमध्ये सोडतात. नका करू. झाकलेल्या टबात किंवा टाकीत वाढवा, निदान वीतभर होऊ द्या, मग सोडा. एवढा मासा वंचकाच्या घशात जात नाही. तरी चोच मारून जखमी करू शकतो, त्यामुळे जाळी हवीच.

गप्पीची पिल्लं नाहीशी होत असतील आणि वर जाळीही असेल तर पाण्यात बघा. चतुर जाळीतून आत येऊन अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या तळाच्या गाळात बसून पिल्लं पकडतात. एका बारीक जाळीच्या गाळणीने गाळ चाळला की मातकट, सहा पायांच्या अळ्या सापडतात. मोठ्या तळ्यात त्या राहू द्या, डासांच्या अळ्याही खातात. पिल्लांच्या टबातून मात्र काढा.

गप्पी ठेवाच, असं मी सगळ्यांना सांगते. पालिकेचे कीटकनाशक विभागाचे लोक साठलेलं पाणी तपासायला येतात, डासांच्या अळ्या सापडल्या तर नोटीस येते, आणि पालिका स्वतःच डास रोखायला गप्पी सोडते. मासे संपलेलं तळं डासांचं होतं, म्हणून मासे वाचवणं हा नुसता हौसेचा विषय नाही, डेंग्यूचाही आहे. फक्त जास्तीचे गप्पी तलावात, विहिरीत किंवा नॅशनल पार्कच्या ओढ्यात सोडायचे नाहीत, दुसऱ्या पाँडवाल्याला द्यायचे.

कोणी प्रेमाने कासव आणून देतं, डोक्याच्या बाजूला लाल पट्टा असलेलं, नाण्याएवढं. ते रेड इअर्ड स्लायडर, परदेशी. मोठं झालं की ताटलीएवढं होतं आणि मासे चावतं. मांगूरचंही तसंच, गुपचूप आणून सोडलेला एक मांगूर रात्रीत छोटे मासे संपवत जातो. नम्रपणे नाही म्हणा.

९. पावसाळ्याची तयारी, मे महिन्यातच

१०० मिलीमीटर पाऊस पडला की उघड्या तळ्याची पातळी थेट पावसानेच १० सेंटीमीटर चढते, आणि मुंबईत एवढा पाऊस एका दुपारीही पडतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पडला होता. त्यात गच्चीचा पाईप बागेत सुटत असेल तर बघायलाच नको. पाणी काठावरून वाहिलं की मासे बाहेर, आणि पाऊस थांबताच कावळे हजर.

ओव्हरफ्लो तीन इंची ठेवा, ठरवलेल्या पातळीला, आणि त्याच्या तोंडावर सपाट जाळी लावू नका, ती एका पानाने बंद होते. भोकं पाडलेला पाईपचा तुकडा किंवा जाळीची टोपली बसवा, म्हणजे अर्धी बंद झाली तरी पाणी जातं. गुलमोहर किंवा पर्जन्यवृक्ष वर असेल तर रोज पाला काढायची ड्युटी कोणाची ते ठरवून टाका. गच्चीचं पाणी दुसरीकडे वळवा. फ्रेमचे पाय काठाला बोल्ट करा, वाऱ्याने उडतात.

१०. पळवून लावायच्या वस्तू

प्लॅस्टिकचा बगळा, सीडी, चमकणाऱ्या पट्ट्या, घुबडाचा पुतळा. थोडे दिवस चालतं, मग पक्षी त्याच्यावरच येऊन बसतात. प्लॅस्टिकचा बगळा तर उलटा पडतो, कारण एक बगळा निवांत उभा दिसला की दुसऱ्याला वाटतं इथे खायला आहे. सेन्सरवर पाणी उडवणारे स्प्रिंकलर बरे असतात, पण ते वॉचमनवरही पाणी उडवतात आणि मेमध्ये पाणीकपात असताना सोसायटी ते चालू देत नाही. जाळी बनून येईपर्यंतचे आठ-दहा दिवस काढायला यातलं काहीही लावा, रोज जागा बदलून. त्याच्यापुढे भरवसा ठेवू नका.

११. मासा जखमी झाला तर

चोचीची जखम पाठीवर किंवा बाजूला, भोसकल्यासारखी असते. मांजराची असेल तर खवले ओरबाडलेले आणि शेपटी फाटलेली. माशाला ओल्या हातांनी, मऊ जाळीत घेऊन त्याच १०० लिटरच्या टबात हलवा, पाणी तळ्यातलंच घ्या, म्हणजे तापमानाचा धक्का बसत नाही. एअर पंप चालू. ३०० ग्रॅम जाडं मीठ एकदम न घालता दिवसभरात तीन वेळा विरघळवून घाला, कोई आणि गोल्डफिशला एवढं चालतं. झाकण ठेवा, टब सावलीत ठेवा. पहिला दिवस खायला काही देऊ नका. रोज थोडं पाणी बदला, जेवढं काढलं तेवढ्याच पाण्यापुरतं मीठ परत घाला.

जखमेवर कापसासारखी पांढरी बुरशी दिसली किंवा कडा लाल होऊन पसरायला लागल्या तर घरगुती उपाय थांबवा आणि मासे बघणाऱ्या व्हेटला दाखवा. जखम भरून मासा नीट खायला लागला की दोन-तीन दिवस टबातलं मीठ कमी करत आणा आणि मग परत तळ्यात सोडा. पण त्याआधी ज्या वाटेने शिकारी आला होता ती बंद केलीय का ते बघा, कारण एकदा मासा मिळालेला बगळा दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला त्याच दगडावर येतो.